झाडांखालचं पाणी

मदतकक्षात तिला नावाने कोणी हाक मारत नसे. साहेबांपासून शिपायापर्यंत सगळ्यांची ती नकाशेवाली. उपग्रहाने टिपलेलं चित्र संगणकावर उतरवून घ्यायचं, पाणी कुठवर पसरलंय ते ओळखायचं आणि त्याचा नकाशा करून साहेबांच्या टेबलावर ठेवायचा, हे तिचं काम. उपग्रहाला त्या खोलीत 'काका' म्हणत. लांबच्या काकांसारखा तो अधूनमधून यायचा, वरवर बघायचा आणि निघून जायचा, म्हणून. 'काका येऊन गेले का?' असं कोणी विचारलं की ती मान न वळवता 'येऊन गेले, पान खाताहेत' म्हणायची. म्हणजे चित्र अजून उतरतंय.

हे काका डोळ्यांनी बघत नसत. वरून लहरी सोडायच्या आणि परत येतील त्यांच्यावरून चित्र जुळवायचं, अशी त्यांची रीत. त्यामुळे ढगांचं त्यांना काही वाटत नसे. संथ पाण्यावर पडलेली लहर घसरून पलीकडे निघून जाते, वर परत येत नाही. म्हणून चित्रात पाणी काळं दिसतं आणि कोरडी जमीन, घरं, झाडं करडी-पांढरी. काळं ते पाणी. एवढं साहेबांनाही पाठ झालं होतं. संगणकातला प्रोग्रॅमही त्याच हिशेबाने चालायचा: काळं दिसेल ते निळं रंगवायचा, बाकीचं तसंच सोडायचा.

वरच्या धरणाचे सगळे दरवाजे उघडल्याला काही दिवस झाले होते. नदी पात्रात मावत नव्हती. मदतकक्षातली माणसं टेबलाखाली पथाऱ्या पसरून तिथेच राहत होती. भिंतीवर मोठा नकाशा, त्याच्यावर बोटींच्या जागा दाखवणाऱ्या रंगीत टाचण्या. टाचण्या पुष्कळ होत्या, बोटी तेवढ्या नव्हत्या. रस्त्याकडच्या धक्क्यावर बोटींचं पथक तळ ठोकून होतं, आणि त्याचा म्होरक्या, ज्याला सगळे तांडेल म्हणत, वायरलेसवर एकच प्रश्न विचारायचा, "आता कुठे?"

त्या दिवशी सकाळी काका येऊन गेले. नकाशेवालीने चित्र उतरवलं, प्रोग्रॅम चालवला, आणि निळा रंग खोऱ्यात पसरत जाताना बघत बसली. काळजी सगळ्या खोऱ्याची होती हे खरं, पण तिची नजर पहिल्यांदा नदीच्या वळणावर गेली. तिथे तिच्या दादाचं गाव होतं. आई-वडील गेल्यावर तिला शिकवून इथवर आणलेला एकुलता एक भाऊ, त्याची बायको, म्हणजे तिची वहिनी, आणि त्यांची फळबाग. गाव त्या बागांमध्येच वसलेलं. वरून पाहिलं तर आधी झाडं दिसत, मग कुठेकुठे छपरं.

वळणाच्या अलीकडे निळं होतं, पलीकडेही निळं होतं. गाव आणि बागा मात्र स्वच्छ पांढऱ्या. तिचा जीव भांड्यात पडला.

तेवढ्यात वहिनीचाच फोन आला. "अगं, इथे सगळे निघायचं म्हणताहेत. शेजारच्यांनी ट्रॅक्टर काढलाय. पाणी ओढ्यापर्यंत आलंय. काय करावं?"

मागून दादाचा आवाज आला, "तिलाच विचार. तिच्यासमोर सगळं दिसतंय." मग त्याने फोन घेतला. "चिमणे, बोल. निघू का थांबू?"

नकाशेवालीने पुन्हा एकदा पडद्याकडे पाहिलं. गावाकडून बाहेर पडणारा एकच रस्ता होता आणि तो निळ्यातून जात होता. "दादा, रस्त्यावर पाणी आहे. ट्रॅक्टर घेऊन त्यात शिरू नका. गाव कोरडं दिसतंय, बागाही कोरड्या आहेत. आहात तिथेच थांबा."

"नक्की?"

"माझ्यासमोर चित्र आहे, दादा."

"मग झालं तर," तो हसत म्हणाला आणि फोन ठेवण्याआधी कोणाला तरी मोठ्याने सांगताना ऐकू आला, "ऐकलं का, माझी बहीण काय म्हणते ते."

नकाशा साहेबांच्या टेबलावर गेला. साहेब माणूस वाईट नव्हता; झोप नसल्यामुळे डोळे तांबारले होते आणि प्रत्येक कागद ते दोनदा वाचायचे. निळं जिथे दाट, तिथे बोटी, असं वाटप झालं. वळणावरच्या गावाच्या वाट्याला काही आलं नाही, आणि येण्याचं कारणही नव्हतं. नकाशेवालीने चहा घेतला. कितीतरी वेळाने तिला त्याची चव लागली.

दुपार व्हायच्या सुमारास तांडेलचा वायरलेस आला. त्याची एक बोट वळणाच्या वरच्या अंगाने जात होती. तो म्हणाला, "इथे ओढ उलटी आहे. पाणी नदीकडे न जाता बागांकडे खेचतंय. बोट धरून ठेवावी लागतेय. नकाशात तिकडे काय आहे?"

"काही नाही," साहेबांनी नकाशा बघून सांगितलं. "कोरडं आहे."

"कोरडं असेल तर एवढं पाणी जातंय कुठे?"

साहेबांनी खांदे उडवले आणि दुसऱ्या बोटीचं बोलणं सुरू केलं. पण नकाशेवालीने तो प्रश्न ऐकला होता. तिने पूर यायच्या आधीचं चित्र काढलं आणि आजच्या चित्राशेजारी लावलं. एरवी बागा करड्या असत. आज त्या पांढऱ्याफटक होत्या. नुसत्या कोरड्या जमिनीला इतकं उजळायचं काही कारण नव्हतं.

तिला ते माहीत नव्हतं असं नाही. शिकत असताना वाचलेलं होतं, परीक्षेत लिहिलंही होतं. उघड्या पाण्यावरून लहर घसरून जाते, पण झाडीखाली पाणी शिरलं की गोष्ट उलटी होते. लहर पाण्यावर आपटते, तिथून झाडाच्या बुंध्यावर आपटते आणि सरळ वर परत येते. जास्त जोराने येते. झाडांखालचं पाणी काळं दिसत नाही, पांढरं दिसतं. प्रोग्रॅमला हे कोणी शिकवलेलं नव्हतं, आणि सकाळी घाईत तिलाही आठवलं नव्हतं. खरं तर तिला आठवायचं नव्हतं. पांढरा रंग बघून तिला इतकं बरं वाटलं होतं की पुढे बघावंसंच वाटलं नाही.

तिने दादाला फोन लावला. लागला नाही. वहिनीचा लावला. तोही नाही. पुन्हा दादाचा लावला. फोन टेबलावर ठेवून बोटाने आकडे दाबत राहिली.

मग ती उठून साहेबांसमोर उभी राहिली. "साहेब, नकाशा चुकलाय."

साहेबांनी मान वर केली. तिने दोन्ही चित्रं समोर ठेवली आणि जमेल तसं सांगितलं. ते ऐकत होते, पण त्यांची नजर चित्रांवरून तिच्या चेहऱ्याकडे गेली आणि तिथेच राहिली.

"तुमचं कोण आहे तिथे?" त्यांनी हळूच विचारलं.

"दादा आणि वहिनी."

"हं." त्यांनी भिंतीवरच्या टाचण्यांकडे पाहिलं. "मग मला एक सांगा. हे तुम्हाला चित्रात दिसतंय, की मनात आलंय? मी तुम्हाला खोटं म्हणत नाही. पण माझ्याकडे एकच बोट मोकळी होतेय. इथे प्रत्येकाचं कोणी ना कोणी पाण्यात आहे. शिपायाची आई आहे. मी प्रत्येकाच्या घरी बोट पाठवायला लागलो तर काय होईल?"

सकाळी गाव कोरडं दिसावं असं तिला वाटत होतं आणि ते कोरडं दिसलं होतं. आता भीती वाटत होती आणि पाणी दिसत होतं. आपल्याच डोळ्यांवरचा भरवसा उडाल्यावर माणसाने बघायचं कशाने?

"मला थोडा वेळ द्या," ती म्हणाली. "मी गावाकडे बघणार नाही. सगळं खोरं बघते."

ती परत जागेवर बसली आणि नदीच्या मुखापासून वर चढत निघाली. जिथे जिथे दाट झाडी होती तिथे आधीचं आणि आजचं चित्र ताडून बघायचं, जास्त उजळलेलं दिसलं की जमिनीची उंची तपासायची. दादाचं गाव आलं की तिला तिथेच थांबावंसं वाटे. ती ओठ चावून पुढे जाई. अशा जागा काही थोड्या नव्हत्या. बहुतेक ठिकाणी वस्तीच नव्हती. पण वळणाच्या खाली, दादाच्या गावापासून फार लांब नाही, एका लाकूड कंपनीची लागवड होती. सरळसोट वाढलेली झाडं, ओळीने. त्यांच्या मधोमध मजुरांच्या खोल्या. बसक्या, पत्र्याच्या. जमीन दादाच्या गावाहून बरीच खाली, आणि ती लागवड साऱ्या चित्रात सर्वांत पांढरी होती.

तिला ते कळलं तेव्हा क्षणभर तिने डोळे मिटले. दादाच्या गावात दुमजली घरं होती, गोदाम होतं, वर चढायला जागा होती. या खोल्यांना माळासुद्धा नव्हता.

साहेबांकडे जाऊन तिने कागद ठेवला. "आधी लागवड. मग वळणावरचं गाव."

साहेबांनी कागद वाचला, पुन्हा वाचला. "तुम्हीच असं लिहिताय?"

"हो."

"बरं," ते म्हणाले, आणि वायरलेस उचलला. पण तांडेलचं म्हणणं वेगळंच पडलं. झाडांमधून बोट न्यायची तर खाली कुठे खड्डा, कुठे बांध हे सांगणारं कोणीतरी हवं, आणि तिथे फोन चालत नाही. "ज्यांनी हे चित्र पाहिलंय त्यांनाच पाठवा," तो म्हणाला.

ती धक्क्यावर पोचली. तांडेल पन्नाशीचा, रुंद खांद्यांचा गडी. त्याने तिला कोरडं जाकीट दिलं, त्याचे पट्टे स्वतः आवळले आणि म्हणाला, "ताई, पोटात काही आहे का? नसलं तरी चालेल. निदान ओकायला तरी होणार नाही."

उघड्या पाण्यावरून बोट सुसाट गेली. मग झाडं सुरू झाली आणि इंजिन मंद करावं लागलं. आत सावली होती आणि आवाज नव्हता. जिथवर नजर टाकावी तिथवर बुंधे, आणि प्रत्येक बुंध्याच्या पायाशी गढूळ, चकचकीत पाणी. तिला वाटलं, हेच ते. वरून पांढरं दिसलेलं हेच. सकाळी हेच बघून आपण चहा प्यायलो.

"डावीकडे जमीन उंच आहे," ती म्हणाली. "तिकडून घ्या."

मजुरांच्या खोल्या दिसल्या त्या नुसत्या पत्र्यांच्या कडा. त्यांवर माणसं बसली होती, एकमेकांना धरून, आवाज न करता. एका म्हातारीला तिच्या सुनेने ओढणीने स्वतःशी बांधून घेतलं होतं. बोट जवळ गेली तरी कोणी ओरडलं नाही. ओरडायचं त्यांचं केव्हाच संपलं होतं. एक बाई फक्त म्हणाली, "आम्हाला वाटलं, आम्ही कोणाला दिसतच नाही."

सगळी एका खेपेत मावणार नव्हती. पहिली खेप धक्क्याच्या रस्त्यावर उतरवून परत येईपर्यंत ऊन कलायला लागलं. दुसरी भरताना तांडेल तिच्याजवळ वाकला. "वळणावरचं गाव तुमचं ना? साहेब बोलले मला. इथले उरलेले तग धरतील असं वाटतं. म्हणत असाल तर आधी तिकडे वळवतो."

तिने पत्र्यांकडे पाहिलं. पाणी सकाळपासून वर वर सरकत असल्याच्या रेघा भिंतीवर उमटल्या होत्या. उरलेल्यांपैकी एक माणूस तिच्याकडे बघत होता. काय बोलणं चाललंय हे त्याला कळलेलं होतं.

"नको," ती म्हणाली. आवाज आपला नाहीच असं तिला वाटलं. "आधी हे पुरं करू."

पुढचा वेळ कसा गेला ते तिला नंतरही नीट सांगता आलं नाही. माणसांना हात देत होती, मुलं कवेत घेत होती, तांडेलला उंच-सखल सांगत होती, आणि मनात एकाच गोष्टीचा घोशा चालला होता. नक्की? त्याने विचारलं होतं. नक्की?

वळणावरच्या गावात बोट शिरली तेव्हा संध्याकाळ व्हायला आली होती. दादाच्या घराचा वरचा मजला पाण्याबाहेर होता, खिडकी उघडी, आत कोणी नाही. तिने हाका मारल्या. गोदामाच्या बाजूने कोणीतरी ओ दिली.

गोदामाच्या माळ्यावर गाव दाटीवाटीने उभं होतं. वहिनी खिडकीत होती. तिने नणंदेला ओळखलं, पण चेहऱ्यावर काही हललं नाही. नकाशेवाली आत चढली आणि एकेका तोंडाकडे बघत गेली, शेवटच्या कोपऱ्यापर्यंत, आणि मग परत वहिनीपाशी आली.

"दादा?"

वहिनीच्या आधी शेजारचा म्हातारा बोलला. कडवटपणे बोलला, आणि त्याचं चुकलं असं म्हणता येणार नाही. "आमचा ट्रॅक्टर दारात चालू होता. त्याने येऊन किल्ली काढून घेतली. म्हणाला, माझ्या बहिणीसमोर चित्र आहे."

"बाबा, राहू द्या आता," वहिनी म्हणाली.

"राहू देतो. पण ऐकू दे तिला. किल्ली त्याने काढली आणि पाणी आल्यावर मला पाठीवर घेऊनही तोच आला. दोन्ही ऐकू दे."

मग वहिनीने सांगितलं. पाणी बागेतून आलं, रस्त्याकडून नाही; बागेत लांबवर ते सकाळीच शिरलं होतं, पण तिकडे कोणी फिरकलं नव्हतं. मागच्या दाराने आलं. बघता बघता कमरेएवढं झालं. दादाने ज्यांना ज्यांना थांबवलं होतं त्यांच्या दारोदार तो गेला. म्हाताऱ्यांना पाठीवर घेतलं, पोरांना खांद्यावर, आणि गोदामात आणून सोडलं. वहिनी त्याला म्हणाली, पुरे आता, दमलास. तो म्हणाला, मी थांबा म्हटलं होतं त्यांना. बागेच्या टोकाच्या घरातलं एक जोडपं राहिलं होतं. तो तिकडे गेला. ते जोडपं झाडावर चढून वाचलं, नंतर दोर टाकून त्यांना आणलं. तो मात्र तिथवर पोचलेलाच त्यांनी पाहिला नव्हता.

नकाशेवाली भिंतीला टेकून खाली बसली. तिला रडू येईना. "वहिनी, मी सांगितलं होतं थांबा म्हणून. मी."

"माहीत आहे. फोन मीच लावला होता."

तांडेलने उजेड असेपर्यंत बागेतून फेऱ्या मारल्या, प्रत्येक ओळीत इंजिन बंद करून कान दिला. तीही त्याच्याबरोबर होती. हाका मारून तिचा घसा बसला. झाडांमध्ये हाक लांब जात नाही. मग तांडेल म्हणाला, "ताई, आता मला बुंधे दिसत नाहीत. बोट फुटली तर माळ्यावरची माणसं अडकतील." तिने मान हलवली. त्याचं बरोबर होतं, आणि त्या क्षणी तिला त्याचा इतका राग आला की ती त्याच्याकडे पाठ करून बसली.

गाव रस्त्यावर आणून सोडलं. शाळेच्या वर्गात निवाऱ्याची सोय होती. वहिनी एका बाकावर बसली होती, कोणीतरी दिलेलं पांघरूण खांद्यावर, ओले पाय जमिनीवर सरळ टेकवलेले. नकाशेवाली तिच्याशेजारी बसायला गेली, आणि बसावं की नाही हे न कळून उभीच राहिली.

"काका परत कधी येणार?" वहिनीने विचारलं. घरी जेवताना नणंद ऑफिसातल्या गमती सांगायची, त्यामुळे तिला तो शब्द ठाऊक होता.

"सकाळी."

"मग तू जा. तिथे दुसरं कोण आहे हे बघायला?"

"वहिनी, मला इथे राहू दे."

"इथे राहून काय करशील?" वहिनीचा आवाज चढला नाही. "मला तुझ्याकडे बघवत नाही आत्ता. उद्या कदाचित बघवेल. पण त्याला शोधायचं तर तुलाच दिसेल ना काही. जा."

नकाशेवालीला सांगावंसं वाटलं की त्या चित्रातल्या एका ठिपक्यात एक अख्खं घर मावतं, त्यात माणूस दिसत नाही. काका कितीही वेळा आले तरी दिसणार नाही. तिने ते सांगितलं नाही. "जाते," म्हणाली आणि गेली.

सकाळचं चित्र आलं तेव्हा तिने प्रोग्रॅम चालवलाच नाही. आधीची चित्रं समोर ठेवून तिने सगळं खोरं हाताने रंगवलं, काळं वेगळं आणि उजळलेलं पांढरं वेगळं. त्या नकाशावरून आणखी दोन वस्त्या सापडल्या. साहेब स्वतः तिच्या टेबलापाशी आले आणि तिच्या खांद्याला हात लावून परत गेले. ती रोज बागांवर पडदा मोठा करून बघायची. पांढरा रंग दिवसेंदिवस करडा होत चालला होता. एरवी याला चांगली बातमी म्हणतात.

पाणी उतरल्यावर दादा बागेतच सापडला, टोकाच्या घराच्या अलीकडच्या ओळीत, कुंपणाच्या तारेत. तांडेलला सापडला. त्याने मदतकक्षात न कळवता आधी शाळेत जाऊन वहिनीला सांगितलं आणि मग नकाशेवालीला न्यायला स्वतः गाडी घेऊन आला. वाटेत त्याने रेडिओ लावला नाही.

बाग चिखलाने माखली होती. बुंध्यांवर पाण्याची खूण तिच्या डोक्याच्याही वर होती. वहिनी आधीच तिथे उभी होती, साडी पिंढऱ्यांपर्यंत चिखलात. नकाशेवाली तिच्यापासून थोडी लांब थांबली.

वहिनीने मागे वळून न बघताच हात पुढे केला. "ये इकडे," ती म्हणाली. "मला एकटीला उचलवणार नाही."